टॅलीत न धरलेले 1,10,000

उरणच्या माणसाला मोठ्या आकड्यांचं फारसं कौतुक नसतं. न्हावा-शेवा बंदरातून वर्षाला 70 लाखांवर कंटेनर आत-बाहेर होतात, तेही वीस फुटी मापाने मोजून. त्यातला एक जरी इकडचा तिकडे झाला की फोन खणखणायला लागतात. टॅली जुळेपर्यंत चहासुद्धा गोड लागत नाही. त्यामुळे एखादा आकडा नीट मोजला गेला आणि तरीही वहीत चढलाच नाही, हे इथल्या माणसाला पटकन पटत नाही.

असा एक आकडा आहे 1,10,000.

5 सप्टेंबर 1971. मेक्सिको सिटीचं अझ्टेका मैदान. डेन्मार्क विरुद्ध मेक्सिको, महिलांच्या जागतिक स्पर्धेचा अंतिम सामना. आलेले प्रेक्षक सुमारे 1 लाख 10 हजार. 2011च्या जनगणनेत आमच्या अख्ख्या उरण तालुक्याची लोकसंख्या 1,60,303 होती. म्हणजे मोरा, करंजा, केगाव, चिरनेर, जासई, जिथे जिथे घर आहे तिथून तीन माणसांतली दोन उठवायची आणि एका मैदानात आणून बसवायची. लोकलच्या हिशेबात सांगायचं तर एका गाडीत चेंगरून पाच हजार माणसं धरली, तरी ओळीने 22 गाड्या लागतील.

डेन्मार्क 3-0 ने जिंकला. तिन्ही गोल सुझान ऑगस्टेसनचे. वय वर्षं 15, म्हणजे आपल्याकडची दहावीतली मुलगी. इंग्लंडच्या संघातली लिया केलेब तर 13 वर्षांची होती. इंग्लंडच्या या मुली हजारोंच्या गर्दीसमोर खेळून घरी परतल्या, आणि तिथे त्यांचा संघच मोडला गेला. त्यांना घेऊन गेलेल्या हॅरी बॅटवर बंदी आली. स्पर्धा फिफाच्या परवानगीशिवाय भरली होती, म्हणून फिफाच्या लेखी ती झालीच नाही. 22 एप्रिल 2022 ला बार्सिलोनात 91,648 लोक महिलांचा सामना बघायला जमले, तेव्हा जागतिक विक्रम म्हणून जगभर बातमी झाली. अझ्टेकात त्याच्या पन्नासहून जास्त वर्षं आधी 18 हजार माणसं जास्त होती!

बरं, मेक्सिको ही काही सुरुवात नव्हे. पहिल्या महायुद्धात इंग्लंडमधल्या प्रेस्टन गावी डिक-कर नावाच्या कारखान्यात बायका तोफगोळे बनवत. जेवणाच्या सुट्टीत चेंडू खेळता खेळता त्यांचा संघ उभा राहिला. 1917च्या नाताळात पहिल्याच मोठ्या सामन्याला 10 हजार लोक. तीन वर्षांनी, 26 डिसेंबर 1920 ला, लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर 53 हजार. आणखी हजारो लोक जागा नाही म्हणून दाराबाहेरून परत गेले. आमचं उरण शहर तीसेक हजारांचं. ते सगळं आत बसवूनही खुर्च्या उरल्या असत्या.

त्या दिवशीची एक गंमत लोकलने जाणाऱ्यांना विशेष पटेल. संघाची हुकमी गोल करणारी फ्लोरी रेडफर्ड हिची गाडी चुकली. मग कर्णधार ॲलिस केल, एरवी मागे बचावाला खेळणारी, पुढे सरकली आणि उत्तरार्धात तिने तीन गोल ठोकले. सामना 4-0. धर्मादाय निधीला 3,115 पौंड मिळाले. खेळाडूंना सामन्यामागे खर्चापुरते दहा शिलिंग, म्हणजे अकरा जणींचे मिळून साडेपाच पौंड. पुढच्या 1921 सालात याच बायका 67 सामने खेळल्या, आणि एकूण नऊ लाख लोकांनी ते पाहिले असं सांगतात. सरासरी काढली तर दर साडेपाच दिवसांनी एक सामना, तोही कारखान्याची नोकरी सांभाळून. आजच्या कुठल्या खेळाडूला हे वेळापत्रक दाखवलं तर तो आधी फिजिओला फोन लावेल.

गुडिसन पार्कच्या सामन्यानंतर 344 दिवसांनी, 5 डिसेंबर 1921 ला, इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने आपल्या क्लबांची मैदानं बायकांना बंद केली. कारण असं दिलं, की हा खेळ स्त्रियांना मानवत नाही. आजारी पडल्याची तक्रार त्या 67 सामने खेळणाऱ्यांनी केली नव्हती. ही बंदी जवळजवळ 50 वर्षं टिकली. ब्राझीलमध्ये 1941 ते 1979 अशी 38 वर्षं, पश्चिम जर्मनीत 1955 ते 1970 अशी 15. तीन देशांची बेरीज शंभर वर्षांवर जाते. आणि गंमत बघा, 2027चा महिला विश्वचषक ब्राझीलमध्येच आहे.

डिक-करच्या बायका मात्र थांबल्या नाहीत. मोठी मैदानं बंद झाली तर बागेत, शेतात, जागा मिळेल तिथे खेळल्या. 1965 पर्यंतचा त्यांचा हिशेब असा दिला जातो: सामने 833, जिंकले 759, बरोबरी 46, हरले 28. ही टॅली मात्र बरोबर लागते. बेरीज करून पाहा.

आता आपल्याकडे. फिफाने महिलांचा पहिला विश्वचषक भरवला 1991 साली. त्यातही सामने 80 मिनिटांचे, आणि स्पर्धेला नाव एका चॉकलेटच्या गोळ्यांचं. त्याच्या अकरा वर्षं आधी, 1980च्या जानेवारीत, भारताच्या बायका आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात होत्या, केरळात कालिकतला. चायनीज तैपेईकडून 2-0 ने हरल्या. 1981 ला हाँगकाँगमध्ये तिसऱ्या. 1983 ला बँकॉकमध्ये पुन्हा अंतिम सामना, थायलंडकडून 3-0 ने हार. चार वर्षांत तीन पदकं! पुरुषांच्या संघटनेबाहेर, 1975 साली स्थापन झालेल्या वेगळ्या महिला फेडरेशनच्या जिवावर हे चाललं होतं. त्या पिढीत गोव्याची योलांडा डिसोझा होती, बंगालची शांती मलिक होती. आपल्या घरांत 1983 साली क्रिकेटचा कप गाजत होता. शांतीला त्याच वर्षीचा अर्जुन पुरस्कार मिळाला. महिला फुटबॉलमधला पुढचा अर्जुन बेंबेम देवीला, 2017 साली. मधे 34 वर्षं. मधल्या काळात 2009 ला तर संघ इतके महिने खेळलाच नाही, की फिफाने भारताचं नाव क्रमवारीतूनच काढलं.

नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम आता उरणच्या लोकलने सरळ गाठता येतं. जानेवारी 2022 मध्ये ती गाडी खारकोपरलाच संपायची. त्या महिन्यात या स्टेडियमवर महिलांचा आशियाई चषक होता. भारताने इराणशी 0-0 बरोबरी केली. 23 तारखेला समोर कोण? चायनीज तैपेई, कालिकतचेच प्रतिस्पर्धी. पण संघात करोना शिरला, नियमाला लागणाऱ्या 13 धडधाकट खेळाडू उभ्या राहीनात, आणि सामना झालाच नाही. इराणबरोबरची बरोबरीसुद्धा रद्द धरली गेली. खेळलेली 90 मिनिटंही हिशेबातून गेली.

5 जुलै 2025, थायलंडमधलं चियांग माई. 2026च्या आशियाई चषकाची पात्रता फेरी. भारताने मंगोलियाला 13-0, तिमोर-लेस्तेला 4-0, इराकला 5-0 असं हरवलेलं. शेवटचा सामना यजमानांशी. संगीता बासफोरचे दोन गोल, निकाल 2-1. चार सामने, 24 गोल, खाल्ला फक्त एक. पात्रता फेरी जिंकून तिथवर पोचण्याची भारताच्या बायकांची ही पहिलीच वेळ. बँकॉकच्या 3-0 ला तेव्हा 42 वर्षं होऊन गेली होती.