पोटातले जंतू, वजन आणि आतड्याचा कॅन्सर

‘डॉक्टर, त्या चांगल्या जंतूंच्या कॅप्सूल लिहून द्या ना, वजन उतरतं म्हणे!’ अशी मागणी करणारे रुग्ण अलीकडे वाढले आहेत. मागणी अगदीच निराधार नाही. पण जेवढा गाजावाजा आहे तेवढे त्यात तथ्यही नाही. म्हणून या आठवड्यात हाच विषय घेतो.

आपल्या आतड्यात, विशेषतः मोठ्या आतड्यात, जिवाणूंची प्रचंड वस्ती असते. २०१६ साली शास्त्रज्ञांनी हिशेब मांडला तेव्हा त्यांची संख्या सुमारे ३८ लाख कोटी निघाली. शरीराच्या स्वतःच्या पेशी ३० लाख कोटींच्या आसपास. वजन मात्र सगळे मिळून पाव किलोच्या आत. (दीड-दोन किलो जंतू असतात असे पूर्वी छापून येई, ते खरे नाही.) भाकरी, कडधान्ये, पालेभाज्या यांतील चोथा आपल्याला पचवता येत नाही. तो हे जिवाणू आंबवतात आणि त्यातून ब्युटिरिक आम्ल तयार होते. मोठ्या आतड्याच्या अस्तरातील पेशींचे मुख्य अन्न हेच. म्हणजे चोथा खाल्ला की आधी जिवाणू जेवतात, आणि त्यांच्या पंगतीतून आपले आतडे जेवते.

आता लठ्ठपणाकडे वळू. अमेरिकेत सेंट लुईस येथे डॉ. जेफ्री गॉर्डन यांच्या प्रयोगशाळेत जन्मापासून पूर्ण निर्जंतुक ठेवलेले उंदीर होते. २००४ साली त्यांच्या पोटात साध्या उंदरांचे जंतू सोडले, तर दोन आठवड्यांत त्यांच्या अंगावरची चरबी सुमारे ६० टक्क्यांनी वाढली, आणि तीही पूर्वीपेक्षा कमी खाऊन! पुढे २०१३ साली एक लठ्ठ व एक सडपातळ अशा जुळ्या बहिणींचे जंतू वेगवेगळ्या उंदरांना दिले. लठ्ठ बहिणीचे जंतू मिळालेले उंदीर जास्त जाडे झाले.

पण माणूस म्हणजे उंदीर नव्हे. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात डॉ. योगेश शौचे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सडपातळ, मध्यम, लठ्ठ आणि लठ्ठपणासाठी शस्त्रक्रिया झालेल्या भारतीयांचे जंतू तपासले. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या या छोट्या अभ्यासात लठ्ठ व्यक्तींमध्ये बॅक्टेरॉइड्स जातीचे जिवाणू ठळकपणे आढळले. मात्र जंतूंच्या दोन मोठ्या कुळांचे जे प्रमाण अमेरिकेत लठ्ठपणाची खूण म्हणून गाजले होते, त्याचा निश्चित कल आपल्याकडे दिसला नाही. सडपातळ माणसाचे जंतू लठ्ठ माणसाला देऊनही पाहिले गेले. वजन काही म्हणण्यासारखे उतरले नाही. तेव्हा वजनासाठी कॅप्सूल मी लिहून देत नाही. त्या पैशांत महिनाभराचे वाल आणि नाचणी येतील.

कॅन्सरचा धागा याहून गंभीर आहे. फ्यूजोबॅक्टेरियम नावाचा जंतू एरवी हिरड्यांच्या फटींत राहतो. तो मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या गाठीत भरपूर सापडतो, असे २०१२ साली कॅनडा व अमेरिकेतील दोन गटांनी एकाच सुमारास दाखवले. आपल्या शेजारी खारघरला टाटा स्मारक केंद्राची ‘ॲक्ट्रेक’ ही संस्था आहे. तेथील डॉ. अमित दत्त यांच्या गटाला २०२२ साली हाच जंतू जिभेच्या कॅन्सरमध्ये आढळला. गाठीत सापडला म्हणून त्यानेच गाठ केली असे लगेच म्हणता येत नाही. चोरीच्या जागी दिसलेला प्रत्येक जण चोर नसतो. परंतु ई. कोलाय जंतूच्या काही जाती कोलिबॅक्टिन नावाचे विष तयार करतात आणि ते पेशीतल्या डीएनएवर ओळखू येईल असा ओरखडा ठेवते. २०२५ साली ११ देशांतील ९८१ रुग्णांच्या गाठी तपासल्या, तेव्हा हा ओरखडा वृद्धांपेक्षा चाळिशीच्या आतील रुग्णांत तिपटीहून अधिक वेळा दिसला.

हे तरुण वय माझ्या मनात घोळत राहते. पाश्चात्त्य देशांच्या मानाने आपल्याकडे आतड्याचा कॅन्सर कमी आहे. पण मुंबईच्या टाटा रुग्णालयाने २०१७ साली ८०० रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली, त्यांचे सरासरी वय होते ४७! त्यांत गुदाशयाच्या गाठींचा वाटा मोठा होता. आणि गुदाशयाची गाठ म्हणजे शौचावाटे रक्त. रक्त दिसले की आपला माणूस म्हणतो, ‘मूळव्याध असेल.’ मग हमरस्त्यावरच्या ‘बिना ऑपरेशन मूळव्याध-भगंदर’ अशा पाट्या आहेतच. सहा-सहा महिने चूर्ण, मलम चालते. बायका तर घरातही सांगत नाहीत. मूळव्याध हे रक्त पडण्याचे सर्वांत नेहमीचे कारण आहे हे खरेच. पण मूळव्याध असलेल्याला कॅन्सर होत नाही असा नियम नाही, आणि दोन्ही एकाच वेळी असू शकतात.

गुदाशयाच्या बऱ्याचशा गाठी हातमोजा घालून नुसत्या बोटाने लागतात. दोन मिनिटांची, बिनखर्चाची तपासणी. लाज वाटते म्हणून ती नाकारू नका, आणि डॉक्टर विसरले तर आपण होऊन आठवण करा. शौचाची सवय महिनाभर बदललेली राहिली, शौचात रक्त मिसळून येऊ लागले, वजन विनाकारण उतरले किंवा पुरुषाचे हिमोग्लोबिन कारण नसता घसरले, तर दुर्बिणीने आतडे तपासून घ्यावे. आई-वडील किंवा भावंडांपैकी कोणाला हा आजार झाला असेल, तर त्रास नसला तरी केव्हापासून तपासायचे ते डॉक्टरांना विचारावे. बहुतेक गाठी आधी साध्या कोंबासारख्या असतात आणि त्यांचा कॅन्सर होण्यास बहुधा दहाएक वर्षे लागतात. तेवढ्या अवधीत कोंब सापडला तर तो दुर्बिणीतूनच कापून काढता येतो, पोट उघडावे लागत नाही.

जेवणाबाबत थोडेसे. आपल्या भागात तांदळाची-नाचणीची भाकरी, वालाचे बिरडे, चवळी, माठ, शेवग्याचा पाला हे सारे चोथ्याचे जिन्नस आहेत. एकदम वाढवले तर पोट फुगते, म्हणून हळूहळू वाढवावेत आणि पाणी भरपूर प्यावे. तंबाखू आणि दारू यांचा या कॅन्सरशी संबंध सिद्ध आहे. सॉसेज-सलामीसारखे टिकवलेले मांस जागतिक आरोग्य संघटनेच्या संस्थेने २०१५ साली कॅन्सरकारक ठरवले. मासळी त्या यादीत नाही. आणि साध्या सर्दीसाठी मेडिकलमधून अँटिबायोटिक मागून घेऊ नये. सर्दी विषाणूंची, त्यांना ते लागू पडत नाही. मरतात ते पोटातले.