सिमेंटची भट्टी आणि भाजलेली माती
(लेखांक पाचवा)

गेल्या लेखांकात पोलादाचा विचार करताना, कोळशाऐवजी हायड्रोजन योजून लोहखनिजातील प्राणवायू कसा काढून घेता येतो हे आपण पाहिले. परंतु इंधन पालटले की प्रश्नाचा मोठा भाग निकालात निघतो, असा जो दिलासा तेथे मिळाला तो सिमेंटच्या बाबतीत मिळावयाचा नाही. उद्या एखाद्या कारखानदाराने आपली भट्टी निव्वळ सौरविजेवर तापविली, तरीही तिच्या धुराड्यातून कार्बन डायऑक्साइड निघतच राहील. कारण त्याचा अधिक भाग, सुमारे ६० टक्के, कोळशातून येत नसून खुद्द चुनखडीतून येतो. १०० किलो शुद्ध चुनखडी भाजली असता हाती ५६ किलो चुना उरतो आणि ४४ किलो वायू हवेत जातो. हा रसायनशास्त्राचा हिशेब आहे आणि त्यात कोणालाही सूट मिळत नाही.

१८२४ साली इंग्लंडातील लीड्स येथील जोसेफ आस्पडिन या गवंड्याने ज्या ‘पोर्टलंड सिमेंट’ची सनद मिळविली, त्याचे आजचे रूप सुमारे १४५० अंश सेल्सिअस उष्णतेवर भाजलेल्या क्लिंकर नामक काळपट गोट्यांवर उभे आहे. हे गोटे थोड्या जिप्समसह दळले की सिमेंट तयार होते. मनुष्यजातीच्या एकूण कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनापैकी सात ते आठ टक्के एवढा वाटा या एका पदार्थाकडे जातो.

तेव्हा संशोधकांपुढे सरळ मार्ग एकच उरतो, तो म्हणजे सिमेंटमधील क्लिंकरचे प्रमाण घटविणे. औष्णिक वीजकेंद्रांतील राख व पोलादाच्या भट्टीतील मळी मिसळण्याची वहिवाट आपल्याकडे चांगली रुळलेली आहे. पण मळी मुळात मर्यादित आणि राख कोळशावर अवलंबून, म्हणजे ज्या दिवशी कोळसा मागे पडेल त्या दिवशी हा आधारही मागे पडणार. विपुल, सर्वत्र आढळणारी आणि भाजताना कार्बन न सोडणारी अशी वस्तू हवी होती, आणि ती अखेर मातीत सापडली.

ही माती म्हणजे चिनीमातीचा अंश असलेली साधी माती. भांड्यांच्या कारखान्यास लागते तशी पांढरी शुभ्र ती असावी लागत नाही. केओलिनाइट या खनिजाचे प्रमाण ४० टक्क्यांच्या आसपास असले म्हणजे पुरे, आणि असा माल खाणींच्या कडेला टाकाऊ म्हणून ढीग घालून पडलेला असतो. तिला ७०० ते ८५० अंशांपर्यंत तापविले असता तिच्यातून निघते ते पाणी, आणि मागे राहणारा पदार्थ चुन्याशी संयोग पावण्यास उत्सुक असा होतो. येथवरचे ज्ञान नवे नव्हे. कमी भाजलेल्या विटांची सुरखी चुन्यात घालून घाणीत मळणाऱ्या आपल्या जुन्या गवंड्यांना त्यातील कार्यकारणभाव ठाऊक नसला, तरी परिणाम पुरेपूर ठाऊक होता.

नवे आहे ते पुढेच. स्वित्झर्लंडमधील लोझान येथील प्राध्यापिका कॅरन स्क्रिव्हनर, क्यूबातील सांता क्लारा येथील प्राध्यापक फर्नांडो मार्तिरेना आणि दिल्ली व मद्रास येथील आय.आय.टी.मधील अभ्यासक यांनी मिळून असे दाखविले की, भाजलेल्या मातीच्या जोडीला न भाजलेल्या चुनखडीची पूड घातली, तर मातीतील ॲल्युमिनियम त्या पुडीशीही संयोग पावते व त्यातून निर्माण होणारी संयुगे काँक्रीटमधील सूक्ष्म छिद्रे भरून काढतात. या ‘एलसी३’ सिमेंटचा रूढ तपशील असा: क्लिंकर ५० टक्के, भाजलेली माती ३०, कच्ची चुनखडी १५ आणि जिप्सम ५. ही चुनखडी भट्टीत जातच नसल्यामुळे तिच्यातील वायू तिच्यातच राहतो. एकंदर उत्सर्जन ३० ते ४० टक्क्यांनी घटते, आणि समुद्राच्या खाऱ्या हवेतील क्लोराइडला असे काँक्रीट अधिक दाद देत नाही, हा किनारपट्टीच्या दृष्टीने मोठाच लाभ.

अडचणी मात्र प्रयोगशाळेच्या बाहेर आहेत. या मातीचे कण बारीक व पापुद्र्यांसारखे असल्याने मिश्रण पाणी अधिक मागते, आणि पाणी वाढविले की ताकद घटते. म्हणून द्रवता राखणारे रसायन घालावे लागते, जे मोठ्या कंत्राटदारास परवडते पण खेड्यातील घर बांधणाऱ्याच्या खिजगणतीतही नसते. शिवाय मातीत लोह असले की सिमेंट तांबूस दिसते, आणि तांबूस सिमेंट म्हणजे भेसळ, ही आपल्या गिऱ्हाइकाची पक्की समजूत! प्राणवायूचा पुरवठा आवरून माती थंड केली की तिला राखाडी छटा आणता येते, हा उपाय संशोधकांनी शोधला. निव्वळ नजरेच्या समाधानासाठी एवढी विद्या खर्ची पडावी याचे कोणास हसू येईल. मला तो उपाय शहाणपणाचा वाटतो, कारण गवंडी गोणी उघडून पाहतो ती डोळ्यांनीच.

भारतीय मानक ब्युरोने २०२३ साली या सिमेंटचे मानक प्रसिद्ध केले, ही घटना वर्तमानपत्री डोळ्यास क्षुल्लक भासेल. परंतु मानकाचा क्रमांक मिळेपर्यंत कोणतेही सरकारी बांधकाम खाते आपल्या निविदेत नवा माल लिहावयास धजत नाही, आणि सरकारी दफ्तरात ज्या मालाचे नाव नाही त्याच्यासाठी भट्टी उभारण्यास भांडवल पुढे येत नाही.

तरीही निम्मे क्लिंकर उरतेच, आणि त्यातील चुनखडीचा वायू कोणत्याही मिश्रणाने नाहीसा व्हावयाचा नाही. तो धुराड्यातच पकडण्याचा मोठा प्रयोग नॉर्वेतील ब्रेव्हिक येथील सिमेंट कारखान्यात २०२५ साली सुरू झाला असून, वर्षाकाठी चार लक्ष टन वायू द्रवरूप करून जहाजाने नेऊन उत्तर समुद्राच्या तळाखाली साठविण्याची ती योजना आहे. तिचा खर्च आणि तिची खटपट यांचा विचार पुढील लेखांकी.