इंटरनंतरचा तिसरा रस्ता

दहावीचा निकाल लागला की आपल्या हैदराबादी मराठी घरांत एकच प्रश्न विचारला जातो, एमपीसी की बायपीसी? एमपीसी म्हणजे इंजिनिअरिंग आणि बायपीसी म्हणजे डॉक्टरकी, हे जणू ठरूनच गेले आहे. हिमायतनगर, नारायणगुड्यातील क्लासेसच्या पाट्यांवरही जेईई, नीट आणि ईएपीसेट हीच नावे दिसतात. या परीक्षांत यश मिळाले तर आनंदच आहे. पण मुलाचा ओढा मूळ विज्ञानाकडे असेल, तर त्याला तिसरा रस्ताही माहीत असायला हवा.

हा रस्ता आयसर या संस्थांचा. पुणे आणि कोलकाता येथे 2006 साली त्या सुरू झाल्या. आज देशात अशा सात संस्था असून आपल्याला जवळची तिरुपतीची आहे. इंटरनंतर पाच वर्षांत बीएस-एमएस ही पदवी मिळते. प्रवेशासाठी आयएटी ही परीक्षा असते. तीन तासांत भौतिक, रसायन, गणित आणि जीवशास्त्राचे प्रत्येकी 15 प्रश्न सोडवायचे असतात. एमपीसी आणि बायपीसी, दोन्हीकडची मुले ती देऊ शकतात. भुवनेश्वरच्या नायसरसाठी नेस्ट ही वेगळी परीक्षा आहे.

"पण पुढे पैशाचे काय?" हा पालकांचा प्रश्न रास्त आहे. आयटीतला पगार लवकर सुरू होतो, संशोधनात मात्र धीर धरावा लागतो. तरी पीएचडी स्वतःच्या खर्चाने करावी लागते, हा समज चुकीचा आहे. नेट-जेआरएफ मिळाल्यास पहिली दोन वर्षे दरमहा 37,000 आणि पुढे 42,000 रुपये छात्रवृत्ती मिळते (2023 पासूनचे दर). घरभाडे भत्ता वेगळा.

विषय एकदा निवडला की कायमचा अडकलो, असेही नाही. नागपूर विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकलेले डॉ. शेखर मांडे पुढे जीवशास्त्राकडे वळले आणि क्षयरोगाच्या जंतूंतील प्रथिनांच्या रचनेवर त्यांनी काम केले. हैदराबादच्या सीडीएफडी या संस्थेत असतानाच, 2005 साली, त्यांना भटनागर पुरस्कार मिळाला. पुढे ते सीएसआयआरचे महासंचालक झाले.

आपले शहर तर प्रयोगशाळांचेच आहे. तार्नाका-हब्शीगुडा भागात आयआयसीटी, एनजीआरआय आणि सीसीएमबी जवळजवळ आहेत. 28 फेब्रुवारीचा विज्ञान दिन आणि 26 सप्टेंबरचा सीएसआयआर स्थापना दिन या सुमारास प्रयोगशाळा विद्यार्थ्यांसाठी खुल्या ठेवण्याची प्रथा आहे. तारीख आधी विचारून घ्यावी आणि आठवी-नववीतल्या मुलांना जरूर न्यावे. शास्त्रज्ञ दिवसभर काय करतात, हे मुलांनी स्वतः पाहिले पाहिजे.

डॉ. जयंत नारळीकर स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना पोस्टकार्डावर विज्ञानाचा प्रश्न लिहून पाठवायला सांगत. उत्तराखाली त्यांची सही मिळत असे. घरीही तसेच करता येईल. मुलाने प्रश्न विचारला की "अभ्यास कर" म्हणण्याऐवजी त्याच्यासोबत उत्तर शोधायला बसावे. इंटरचा ग्रुप निवडण्याआधी एवढे केले, तर मुलाचा ओढा कुठे आहे हे क्लासच्या मार्कांपेक्षा लवकर कळेल.