काचेवरचा आवाज

परवा मित्राच्या बँडचं साउंड चेक बघायला गेले, तर मिक्सरपाशी कुणीच नाही आणि फेडर मात्र आपोआप वर-खाली! भुताटकी नव्हे, साउंडवाला दादा शेवटच्या रांगेत आयपॅड घेऊन बसलेला. ‘इथल्या माणसानेही तिकीट काढलेलं असतं ना?’ म्हणाला. पटलं.

२०१२ साली आलेल्या मॅकीच्या सोळा चॅनेलच्या डीएल१६०८ वर तर फेडरच नव्हते. सगळे आयपॅडच्या काचेवर. २०१५ च्या यामाहा टीएफच्या स्क्रीनवर इक्वलायझरचा ठिपका बोटाने ओढायचा, चिमटीने पट्टा अरुंद-रुंद करायचा. फोटो झूम करतो ना, तसंच.

एवढ्यात माइकने शिट्टी मारली. दादाने नेमका तेवढाच सूर चिमटीत धरून खाली ओढला. गायिकेचा आवाज जिथल्या तिथे. सही!

मग मीही हात साफ करून घेतला. नजर स्टेजवर, बोट काचेवर... आणि ढोलकी गायब! शेजारचाच फेडर ओढला होता. खरा फेडर न बघता बोटाला कळतो. काच सगळीकडे सारखीच गुळगुळीत.

शो सुरू झाला, हॉलभर मोबाइल आणि वाय-फाय तुटलं. आवाज चालूच होता, कारण मिक्सर शेवटची सेटिंग धरून ठेवतो. पण पुढचं गाणं बासरीचं होतं, आणि बासरीचा माइक बंद. आयपॅड माझ्या मांडीवर टाकून दादा अंधारात मिक्सरकडे पळाला.