गोडीच्या पलीकडची पांढरी वाइन

पैनगंगेकाठच्या आमच्या मेहकरात सोयाबीन, तूर, कपाशी पिकते. वाइनची द्राक्षं पिकतात ती नाशिककडे. त्यामुळे महाराष्ट्राच्या वाइनची वाटचाल आम्ही लांबूनच पाहिली. वऱ्हाडात वाइन म्हटलं की कित्येक वर्षं गोड लाल पोर्टच डोळ्यांपुढे यायची. नारायणगावला शामराव चौगुल्यांनी 1980च्या दशकात फ्रेंच तंत्राने फेसाळती वाइन केली, ती परदेशी गेली, पण आमच्यापर्यंत तिचं फक्त नाव पोचलं.

खरं वळण आलं ते नाशिकला. गंगापूर धरणाजवळ राजीव सामंत यांनी 1997 साली सोव्हिन्यों ब्लां आणि शेनिन ब्लां या जाती लावल्या आणि 2000 साली त्यांच्या सुला या वायनरीची पहिली वाइन बाजारात आली. पुढच्याच वर्षी राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं आणि वायनऱ्या वाढू लागल्या. रीसलिंग, व्हिऑनिए या जातीही रुजल्या.

या जातींच्या पांढऱ्या वाइन पहिल्यांदा चाखणारा बहुतेक वेळा तोंड वाकडं करतो. नाकाला पिकलेला पेरू जाणवतो आणि जिभेला मात्र साखर सापडत नाही. कशी सापडणार? ती यीस्टने खाऊन तिचं अल्कोहोल केलेलं असतं. उरतो तो आंबटपणा आणि वास, आणि हा वासच या वाइनचं सारं वैभव आहे. सोव्हिन्यों ब्लांमधला हिरवा वास ज्या द्रव्यांचा, तीच द्रव्यं ढोबळी मिरचीत असतात. मस्कत द्राक्षात धन्यातलं सुगंधी द्रव्य सापडतं. व्हिऑनिएला जर्दाळूचा आणि फुलांचा दरवळ येतो. जुन्या रीसलिंगला चक्क रॉकेलची छटा येते, आणि जाणकार तिला नावं ठेवत नाहीत. हे सगळे वास आपल्या स्वयंपाकघरातले आणि परसातले आहेत. ते ओळखायला परदेशी शिक्षण लागत नाही.

हे वास टिकवणं आपल्या हवेत सोपं नाही. पावसाळा सरल्यावर फळछाटणी होते, थंडीत मणी भरतात. तोडणी लांबून मार्चचं ऊन लागलं की आंबटपणा उतरतो आणि सुगंधही विरतो. म्हणून द्राक्षं भल्या पहाटे तोडायची, रस स्टीलच्या टाक्यांत थंड ठेवून सावकाश आंबवायचा. नाशिककरांनी हे चिकाटीने साधलं. माझ्या मते महाराष्ट्राची पांढरी वाइन लाल वाइनपेक्षा सरस आहे, ती यामुळेच.

जानेवारी 2022 मध्ये सुपरमार्केटात वाइन ठेवू देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला. त्याला मोठा विरोध झाला आणि तो अमलात आला नाही. दारूने घरं बसलेली ज्यांनी पाहिली, त्यांचा राग मला समजतो. वाइन ही दारूच आहे, आणि ती थोडकीच घ्यावी.

वाइनचे मळे पाहायला जाणं मात्र आता सोपं झालंय. जून 2025 मध्ये समृद्धी महामार्ग पूर्ण खुला झाला. मेहकरला गाडी महामार्गावर चढवली की थेट इगतपुरीला उतरता येतं, आणि तिथून नाशिकचे मळे जवळच. स्वतः गाडी चालवणाऱ्याने मात्र तिथे घोटही घेऊ नये.

घरी आणलेली बाटली आठ ते दहा अंशांवर प्या. बर्फगार केली तर वास मुका होतो. पेला तिसरा हिस्साच भरा, आधी हुंगा. ठेच्याबरोबर घेऊ नका, अल्कोहोलने तिखट अधिक झोंबतं. हुरडा किंवा साधं भाजलेलं पनीर चालेल. आणि विकत घेताना बाटलीवरचं वर्ष आवर्जून पाहा. आपल्याकडच्या बहुतेक सुगंधी पांढऱ्या वाइन एक-दोन वर्षांत संपवण्यासाठीच केलेल्या असतात.