स्वस्त रंगाई कुणाच्या घागरीतून?

कापडाच्या धंद्यात आम्ही दोन गोष्टी आधी पाहतो. एक भाव, दुसरा रंगाचा पक्केपणा. रंगाईचे पाणी पुढे कुठे जाते, हे मात्र आम्ही सहसा विचारत नाही.

विटा, इचलकरंजीच्या मागांवरचे कोरे कापड प्रोसेसला जाते. सुती कापडावर रिॲक्टिव्ह रंग चढवताना मीठ लागते. सगळा रंग धाग्यात बसत नाही. उरलेला रंग आणि मीठ धुलाईच्या पाण्यातून बाहेर पडते. हे पाणी शुद्ध न करता ओढ्यात सोडले तर ते नदीत जाते आणि आसपासच्या विहिरीही खराब करते.

कृष्णा महाबळेश्वरी उगम पावून वाई, कराडवरून सांगलीला येते. काठची गावे तिचेच पाणी पितात आणि आपले सांडपाणीही तिलाच देतात. सांगलीच्या शेरीनाल्याचा प्रश्न वर्षानुवर्षे गाजतो आहे. इचलकरंजीत २०१२ साली काविळीची साथ येऊन माणसे दगावली. ती साथ रंगामुळे नव्हे, पिण्याच्या पाण्यात मैला मिसळल्याने आली होती. पण धडा एकच. वरच्याने घाण सोडली की खालच्याने ती प्यायची.

१९७४ च्या जल प्रदूषण कायद्याप्रमाणे अशा कारखान्यांना प्रदूषण नियंत्रण मंडळाचे संमतीपत्र लागते. शुद्धीकरण यंत्र चालवायला वीज लागते, रसायने लागतात. ते बंद ठेवणारा मीटरमागे कमी दर देऊ शकतो आणि आम्ही त्याच्याकडेच धावतो. एकट्या दुकानदाराने जादा दर दिला तर त्याचे गिऱ्हाईक तुटते. म्हणून हा निर्णय व्यापारी संघटनेत, सर्वांनी मिळून व्हावा. संमतीपत्र चालू आहे काय, यंत्र रोज चालते काय, हे विचारल्याशिवाय माल द्यायचा नाही.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी साचलेल्या पाण्यात लघवी करण्यास मनाई केली आहे. हजरत उस्मान (रजि.) हे व्यापारीच होते. मदिनेची रूमा विहीर विकत घेऊन त्यांनी ती सर्वांसाठी खुली केली. त्यांच्या पैशाने लोकांना पाणी मिळाले. आमच्या पैशाने ते बिघडू नये.

मापात बोटभर कापड कमी देणे आम्ही हराम समजतो. मग दुसऱ्याच्या घागरीतले पाणी नासवून मिळालेली स्वस्ताई हलाल कशी?