तुर्कूच्या शाळकरी मुलांची नाताळगाणी

'गुड किंग वेन्सेस्लास' हे इंग्रजी नाताळगीत लागलं की डोळ्यांपुढे बर्फच बर्फ उभा राहतो. त्याची चाल मात्र वसंताच्या गाण्याची आहे. फुलं उमलण्याच्या दिवसांचं ते लॅटिन गाणं १५८२ साली एका छोट्या पुस्तकात छापलं गेलं. पुस्तकाचं नाव 'पिए कान्तिओनेस', म्हणजे 'भक्तिगीतं'.

पुस्तक कुठलं?

फिनलंडमधल्या तुर्कूच्या कॅथेड्रल शाळेचं. फिनलंड तेव्हा स्वीडनच्या राज्यात होता. मुख्याध्यापक याकोबुस फिन्नो यांनी गाणी निवडली, शब्द तपासले आणि थेओदोरिकुस पेत्री या तरुण विद्यार्थ्याने ती बाल्टिक समुद्रापलीकडे, जर्मनीतल्या ग्राइफ्सवाल्डला छापून घेतली. गाणी ७४, बहुतेक लॅटिन. काही तर तेव्हाच फार जुनी होती; 'पेर्सोनेंत होदिए'च्या चालीचं आधीचं रूप १३६०च्या सुमाराच्या एका जर्मन हस्तलिखितात आहे.

तोवर तिथे लूथरचा पंथ आला होता. मेरीच्या स्तुतीचे शब्द काही ठिकाणी बदलून येशूकडे वळवले गेले. चाली टाकून दिल्या नाहीत, हे त्या माणसांचं मोठेपण. टाकल्या असत्या, तर आजचा नाताळ किती गाण्यांना मुकला असता!

गात मागितलेली माधुकरी

तुर्कूत नाताळाच्या सुमारास दिवस सहा तासांचाही नसतो. अशा मुलखात शाळेची गरीब मुलं सुट्टीत गावोगाव गात फिरत आणि शिक्षणापुरतं धान्य, पैसा गोळा करत. आपल्याकडे माधुकरी मागून शिकत, तसंच. या चाली ऐकताना ती मुलं मला दिसतात. ठेका पावलांना धरून चालणारा, पालुपद दुसऱ्यांदा ऐकल्यावर ओठांवर येणारं. याच पुस्तकातल्या 'गाउदेते' या गाण्याचं पालुपद चार आवाजांत बांधलेलं आहे. पुस्तकात स्वर फक्त त्या पालुपदाचेच आहेत. कडव्यांची चाल पुढे इतर जुन्या गाण्यांतून घेतली गेली.

इंग्लंडचा प्रवास

१८५३च्या सुमारास स्टॉकहोममधल्या ब्रिटिश राजदूतामार्फत एक प्रत जॉन मेसन नील आणि थॉमस हेल्मोर या दोन धर्मगुरूंच्या हाती आली. हेल्मोर जुन्या स्वरलिपीचे जाणकार. त्यांनी चाली उलगडल्या, नीलनी इंग्रजी शब्द लिहिले आणि वसंताच्या चालीवर बोहेमियाचा वेन्सेस्लास बर्फात चालू लागला. १९२८च्या 'ऑक्सफर्ड बुक ऑफ कॅरल्स'च्या संपादकांना हे रुचलं नाही. ही चाल वसंताला परत मिळावी, असं त्यांना वाटे. मला तसं वाटत नाही. चाल दोन्ही ऋतूंत शोभते.

कुठून ऐकायला लागावं?

'गाउदेते'पासून. 'स्टीलाय स्पॅन' या इंग्लिश गटाने ते लॅटिनमध्येच, एकही वाद्य न घेता गायलं आणि १९७३ साली ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत चौदाव्या क्रमांकावर नेलं. मग 'तेम्पुस आदेस्त फ्लोरिदुम' शोधा. वेन्सेस्लासची तीच चाल, पण मूळच्या लॅटिन शब्दांत. जरा जलद गायलेलं मिळालं, तर त्यात बर्फ कुठेच सापडत नाही.